भिंगवाले मास्तर

मुकुंद मास्तरांना घाईचं उत्तर आवडायचं नाही. आम्ही पोरं पाठ केलेलं घडाघडा म्हणायला लागलो की ते एक बोट उभं करायचे. "डोळ्यानं पाहिलंस का? नाही ना? मग तोंड मीट." पोरांनी तोंड उघडावं म्हणून छडी उगारणारे मास्तर मी पुढं पुष्कळ बघितले. तोंड मीट म्हणणारे हे एकटेच.

अंगानं काटकुळे, डोक्याला काळी टोपी, धोतर नको तितकं वर खोचलेलं, आणि कोटाच्या खिशात दोऱ्यानं बांधलेलं एक भिंग. हैद्राबादेत शिकताना एका घड्याळजीकडून ते त्यांनी मिळवलं होतं म्हणे. त्या भिंगापायी गावानं त्यांना भिंगवाले मास्तर केलं. टवाळ लोक नुसतं भिंग्या म्हणायचे. मास्तरांना दोन्ही नावं माहीत होती आणि दोन्हींनी हाक मारली तरी ते ओ द्यायचे.

आमचं गाव आदिलाबादच्या अंगाला, पैनगंगेपासून कोसभर आत. कापूस आणि ज्वारीचं गाव. आमचं घर माळ्याचं, भाजीपाल्याचं. शाळा चावडीच्या ओसरीत भरायची आणि पोरी आम्ही चौघीच. मास्तर हिंगोलीकडचे. बायको-लेकरं, म्हातारी आई, सगळं तिकडंच. इथं ते एका खोलीत राहायचे आणि दोन्ही वेळचं जेवण आमच्या घरी. माझ्या मायच्या हातची अंबाडीची भाजी ते मिटक्या मारत खायचे आणि खाता खाता विचारायचे, "माय, अंबाडी आंबट का लागते?" माय म्हणायची, "देवानं केली मनून." मास्तर म्हणायचे, "देवाला विचारायला जायच्या आधी आपण थोडं बघू या की!"

त्यांचं स्वतःचं शिक्षण उर्दूत झालेलं. निजामाच्या काळात वरच्या शाळा उर्दूच होत्या. निजाम गेला, वरून हुकूम आला की आता मराठीत शिकवा. मास्तर मराठी घरचेच, पण शास्त्रातलं काही निघालं की त्यांची जीभ उर्दूकडं वळायची. प्रयोगाला ते शेवटपर्यंत 'तजरबा' म्हणाले. "चला रे, आज तजरबा करायचा," असं म्हटलं की आम्ही पोरं चपला न घालताच पळायचो. चार शेतांतली माती चार बाटल्यांत पाण्यासोबत हलवून ठेवायची आणि कोणती आधी बसते ते बघायचं. बारवेतलं पाणी किती उतरलं ते दर सोमवारी दोरीला दगड बांधून मोजायचं आणि ओसरीच्या भिंतीवर कोळशानं लिहायचं. एकदा त्यांनी आम्हाला मुंग्यांच्या वारुळाजवळ बसवलं आणि कोणती मुंगी काय घेऊन आत जाते ते टिपायला लावलं. एका पोराची माय खराटा घेऊनच आली. "काऊन हो मास्तर, लेकरायले मुंग्या मोजाले धाडतो का आमी शाळेत?" मास्तर उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "बसा, तुम्ही पण मोजा." बाई खरंच बसली. तिला नंतर घरी बोलणी बसली ती वेगळी.

आता नारूचं सांगते. आजच्या पोरांना नारू म्हणजे काय ते सांगून कळत नाही, आणि न कळो बाई. उन्हाळ्यात पायावर फोड यायचा. आगीत धरल्यासारखा पाय जळायचा. फोड फुटला की आतून पांढरा, सुतासारखा किडा डोकं काढायचा. हातभर, कधी दोन हात लांब. ओढला तर तुटायचा, आत सडायचा, आणि मग पाय कायमचा अधू. म्हणून त्याला काडीवर गुंडाळत रोज बोटभर बाहेर घ्यायचा. महिना महिना जायचा त्यात. ऐन पेरणीच्या तोंडावर धडधाकट माणसं काडी बांधलेला पाय घेऊन ओट्यावर बसलेली असायची. जळणाऱ्या पायाला आराम एकाच ठिकाणी, गावच्या बारवेत. पायऱ्या उतरायच्या आणि थंडगार पाण्यात पाय सोडून बसायचं. दोन पायऱ्या बाजूला बाया प्यायच्या पाण्याच्या घागरी भरत असायच्या.

मास्तरांनी त्या गावातल्या पहिल्याच उन्हाळ्यात बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात आणलं, उन्हात धरलं आणि एकेकाला भिंगातून बघायला लावलं. माझी पाळी आली. पाण्यात बारीक पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. मी किंचाळले, "मास्तर, पानी जित्तं हाये!"

"शाबास गंगू," मास्तर म्हणाले. "आता ऐका. नारूचा पाय पाण्यात बुडला की त्यातून नारूची पिल्लं सुटतात. हे ठिपके त्यांना खातात. ठिपके आपण पितो. मग एक साल काही होत नाही. साल भरलं की आपल्या पायातून नारू निघतो." मग त्यांनी धोतराचं धुतलेलं फडकं दुहेरी केलं, तेच पाणी त्यातून गाळलं आणि पेला पुन्हा आमच्यापुढं धरला. एक ठिपका नव्हता.

एवढ्यावर थांबले असते तर मास्तर कसले! त्याच संध्याकाळी ते चावडीत किसन पाटलांपुढं उभे राहिले. म्हणाले, बारवेच्या पायऱ्या बुजवा, वर चाक बसवा, पाणी पोहऱ्यानं शेंदा. पायच बुडला नाही तर नारू पसरणार कुठून?

किसन पाटील वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या शब्दापुढं गावात शब्द नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमी लेकरायले शिकवा. बारव आमच्या आजायनं बांधली. कोनाड्यात देवी बसली हाये. भिंगातून ठिपके दिसले मनून तिच्या पायऱ्या बुजवू काय?"

"मग एक साल द्या," मास्तर म्हणाले. "गावातली बारा घरं रोज पाणी गाळून पितील. बाकीची नेहमीसारखी. पुढच्या चैत्रात बघू कुणाच्या घरी नारू निघतो."

"बारा घरात एकालेही निघाला नाई, तर मी सोता पायऱ्या बुजवीन," पाटील म्हणाला. "पन निघाला तर? तर तुमी हा विषय पुन्यांदा काढाचा नाई. तुमीच नाई, कोनीच नाई."

मास्तरांनी मान हलवली. चावडीत बसलेले सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या बारा घरांत आमचं घर पहिलं होतं.

साल सरळ गेलं असतं तर काय पाहिजे होतं! त्या दिवाळीच्या तोंडावर आमचं राज्यच मोडलं. हैद्राबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मास्तरांचं हिंगोली मुंबई राज्यात गेलं, आमचं गाव आंध्रात. गावातल्या माणसांनी एक पाऊल टाकलं नव्हतं, तरी शेजारच्या तालुक्यातले सोयरे परराज्यातले झाले. मास्तरांना कागद आला की तुम्ही मुंबई राज्याचे, तिकडं हजर व्हा. नाहीतर इथं राहायचं असेल तर तेलगू शिका, परीक्षा द्या. घरून पत्रावर पत्रं येत होती. म्हातारी आई आजारी होती. दुसरा असता तर दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून गेला असता, आणि त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. मास्तर गेले नाहीत. "चैत्रापर्यंत थांबतो," एवढंच म्हणाले.

पायऱ्यांबद्दल त्यांनी तहसील कचेरीत दरख्वास्तही दिली होती. ती परत आली. जुनी कचेरी म्हणाली नव्या सरकारकडं जा, नवी म्हणाली तेलगूत लिहून आणा. लिहून नेली तर म्हणाले, गावकऱ्यांची मंजुरी कुठाय? म्हणजे फिरून पाटलाच्याच दारात.

पौषात नवे तपासनीस आले, थेट खालच्या आंध्रातले. मराठी एक अक्षर नाही. रागावलेलेच होते, कारण मुंबई राज्याच्या वाट्याला गेलेला मास्तर अजून इथं कसा, हे बघायला आले होते. उन्हातून आल्याबरोबर त्यांना गडव्यातून पाणी दिलं, बारवेचंच. अर्धा गडवा त्यांनी पिऊन टाकला. तेवढ्यात मास्तरांनी उरलेलं पाणी पेल्यात ओतून भिंग पुढं केलं. हा साहेब आता मास्तरांना हाकलून लावतो की काय? साहेबांनी डोळा लावला, दचकले आणि म्हणाले, "अय्यो! पुरुगुलु!" तेलगूत पुरुगुलु म्हणजे किडे, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. गडवा त्यांनी असा दूर सरकवला की तो लवंडलाच. मग अर्धी हिंदी, अर्धी उर्दू करत दोघांचं पुष्कळ वेळ बोलणं झालं. जाताना साहेबांनी मास्तरांना उन्हाळ्याची सुटी लागेपर्यंतची मुदत लिहून दिली. साहेब गाळलेलं पाणी मागून पिऊन गेले.

चैत्र लागला. बारवेचं पाणी तळाला गेलं आणि गावात नारू निघायला लागले. आज ह्या घरी, उद्या त्या घरी. मास्तर रोज सकाळी शाळेआधी बाराही घरी जाऊन लेकरांचे, म्हाताऱ्यांचे पाय बघायचे. पंधरा दिवस गेले. बारा घरांत कुणाला काही नव्हतं. पाटील ओट्यावरून बघायचा. गावात कुजबूज सुरू झाली होती की भिंग्या जिंकून राह्यला बाप्पा.

आणि एका सकाळी माझी धाकटी बहीण सुली रडत उठली. पायाच्या घोट्याजवळ फोड.

माय चुलीपुढं बसून राहिली. मास्तर आले, सुलीचा पाय मांडीवर घेतला, बराच वेळ बघितला. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तेव्हा मला दिसलं की ते डावा पाय जपून टाकत होते.

"माय," ते म्हणाले, "मलाही आहे. चार दिवस झाले."

माय म्हणाली, "आता वो बाई! चार दिवस सांगितलं काऊन नाई? बारवेवर जाऊन पाय तरी सोडायचा थंड पान्यात!"

"तेच तर करायचं नाही ना, माय."

मग ते खाली बसले आणि स्वतःशी बोलल्यासारखं मोजायला लागले. अकरा घरी कुणाला नाही. एका घरी दोघांना, आणि त्यातला एक मी, जो फक्त ह्याच घरचं पाणी पितो. म्हणजे दोष ह्या घरच्या गाळण्यात आहे. त्यांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. पाणी गाळायचं काम माझ्याकडं होतं. "गंगू, रोज करतेस तसं गाळून दाखव."

मी घागर घेतली. फडकं घागरीच्या तोंडावर टाकून गाळलं. दुसऱ्या घागरीसाठी फडकं उचललं, उलटं केलं आणि तिच्यावर घातलं.

"थांब," मास्तर म्हणाले. "उलटं का केलंस?"

मी म्हणाले, "वरची बाजू खरकटी झाली ना, मास्तर. नव्या पान्याले खरकटी बाजू कशी लावाची?"

आमच्या घरात आजीपासून हेच शिकवलेलं. उष्टं, खरकटं स्वच्छाला लागू द्यायचं नाही. म्हणून मी सालभर न चुकता, प्रत्येक घागरीला, मोठ्या कर्तव्यबुद्धीनं फडक्याची स्वच्छ बाजू वर करत होते. आणि खरकट्या बाजूला अडकलेले ठिपके खालच्या घागरीत धुऊन काढत होते. माझ्याच हातानं मी बहिणीला पाजलं. मास्तरांना पाजलं.

मास्तरांच्या ते ध्यानात आलं. माझ्याही आलं. मी भोकाड पसरलं. त्यांनी मला रागावलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाकीच्या अकरा घरी हे कसं करतात, बघून येतो." लंगडत गेले, तासाभरानं आले. बाकीच्या घरी सगळ्या बाया फडकं एकाच बाजूनं वापरत होत्या, काहींनी तर खूण म्हणून कोपऱ्याला गाठ मारलेली होती. आमच्याएवढं सोवळं त्यांच्याकडं नव्हतं, म्हणून त्या वाचल्या.

संध्याकाळी चावडीत सगळं गाव. पाटलानं आधी विचारलं नाही, मास्तरांनाच बोलू दिलं.

"पाटील, मी हरलो," मास्तर म्हणाले. "बारा घरांतल्या एका घरी नारू निघाला. एका लेकराला, आणि मला." त्यांनी धोतर वर करून पाय दाखवला. फोड फुटून पांढरा दोरा बाहेर आलेला, वर काडी. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या.

"चूक माझी आहे. फडकं गाळायला दिलं, पण त्याची एकच बाजू वर ठेवायची, हे मी सांगितलं नाही. मला ते सुचलंच नाही. एका घरी ते उलटं पडत गेलं. ज्या हातानं ते झालं त्या हाताचा काही दोष नाही. शिकवण्यात कसूर झाली." मग त्यांनी दोन पेले मांडले. एकात सरळ गाळलेलं, दुसऱ्यात फडकं उलटं करून. "बघायचं असेल त्यानं बघा. शर्त मी हरलो, ती मोडा असं मी म्हणत नाही."

मला उठून ओरडावंसं वाटलं की तो हात माझा होता. मी अर्धी उठलेही. मास्तरांनी माझ्याकडं बघून एक बोट उभं केलं, तेच, शाळेतलं. मी खाली बसले. त्या बसण्याची लाज मला अजून आहे. अकरा वर्षांची होते म्हणून स्वतःला माफ करायचा प्रयत्न मी खूपदा केला, जमलेलं नाही.

मग किसन पाटील उठला, दोन्ही पेले एकेक करून भिंगातून बघितले. भिंग परत दिलं. म्हणाला, "मास्तर, पाय किती दिसापासून जळून राह्यला?"

"चार दिवस."

"अन् बारवेत नाई उतरले?"

"नाही."

पाटील गावाकडं वळला. "म्या सत्तर उन्हाळे पाह्यले. ह्या चावडीत सारे दुसऱ्याच्या चुका सांगाले येतात. जो मानूस सोताची चूक चारचौघांत सांगते, तो पान्याबद्दल काऊन खोटं बोलन?" एवढं बोलून तो घरी निघून गेला. शर्तीचं काय झालं ते कुणालाच कळेना.

सकाळी कळलं. पाटलाच्या दोन गाड्या दगड घेऊन बारवेपाशी उभ्या होत्या आणि पाटील स्वतः देवीला कोनाड्यातून उचलून वर आणत होता. आधी तिला वरच्या कट्ट्यावर बसवली, नारळ फोडला, मग पायऱ्यांवर पहिला दगड टाकला. आठ दिवस गाव तेच करत होतं. लाकडी चाक आमच्या सुतारानं बसवलं. मास्तर लिंबाखाली खाटेवर पाय लांब करून बसायचे आणि कुणी जवळ गेलं की "माझ्याजवळ काय बघता, तिकडं दगड द्या" म्हणून ओरडायचे. पायाची आग एवढी होती की बोलता बोलता त्यांचा ओठ दातांखाली यायचा. अधूनमधून माझ्याकडं बघून हसायचे. ते हसणं मला सहन व्हायचं नाही.

आधीच पोटात गेलेले नारू पुढच्या उन्हाळ्यात निघायचे ते निघाले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावात एकही निघाला नाही. मी हिंगोलीच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. कार्ड पोचलं की नाही, हेही कळलं नाही.

मास्तर गाव सोडून गेले ते पायऱ्या बुजवल्या त्याच साली, वैशाखाच्या शेवटी. मुदत संपली होती, नारू अजून पुरता निघाला नव्हता. पैनगंगा ओलांडून पलीकडं मोटार धरायची होती. पाटलानं गाडी जुंपून दिली आणि स्वतःही बरोबर आला. माझे बाबा होते, मी होते. उन्हाळ्यात नदीला पाणी थोडकं, पण उताराच्या मधल्या धारेत मांडीएवढं होतं. गाडी त्यात घातली असती तर पाणी गाडीतल्या बसायच्या फळ्यांवर आलं असतं. मास्तरांनी गाडी थांबवली. म्हणाले, "पाण्याला पाय लागता कामा नये. खाली डोहातलं पाणी चार गावं पितात."

बाबा म्हणाले, "वाहतं पानी हाये, मास्तर."

"असू द्या."

मग बाबांनी त्यांना पाठीवर घेतलं. मास्तर काटकुळे असले तरी ताठ झालेला पाय खाली लोंबत होता, आणि पाण्यात शिरल्यावर तो बुडणार हे दिसत होतं. पाटलानं पागोटं काढून माझ्या हातात दिलं, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरला. ज्या माणसापुढं गावात कुणी बसत नव्हतं, त्यानं मास्तरांचं ते काडी बांधलेलं पाऊल दोन्ही हातांत घेतलं. बाबा पुढं, पाटील बाजूनं, असे ते तिघं धारेत शिरले. पाणी चढलं तसे पाटलाचे हात वर वर गेले, छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत. मास्तर काहीतरी म्हणत होते, बहुतेक नको नको. पाटील ऐकत नव्हता.

मी अलीकडच्या काठावर पागोटं धरून उभी होते. त्यांनी मास्तरांना पलीकडं वाळूवर कोरड्यात बसवलं, तोवर त्यांच्या पायाला एक थेंब लागला नव्हता.